धानाची झोप

दुसऱ्यांच्या कामाचा वेळ मोजायला बसवलेला माणूसच झोपला, तर वहीत काय लिहायचं, हे मला कोणी सांगून ठेवलं नव्हतं. आणि मी झोपलो. खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागली असती तर निदान वयावर ढकलता आलं असतं. मी झोपलो तो वाफवलेल्या धानाच्या कोमट ढिगाला पाठ लावून, पाय लांब करून, मांडीवर वही आणि मुठीत मोबाईल धरून. मोबाईलमधलं सेकंद मोजायचं घड्याळ मी सुरू करून ठेवलं होतं. जाग आली तेव्हा ते इमानदारीनं पळत होतं.

झोपेतून उठलेला माणूस आधी आपल्याला कोणी पाहिलं का ते पाहतो. मी पाहिलं. बारा बाया अंगणाच्या कडेला, भिंतीच्या सावलीत ओळीनं बसल्या होत्या आणि बाराही जणी दुसरीकडे पाहत होत्या. इतक्या एकमतानं दुसरीकडे पाहणारी माणसं मी फक्त एसटीत पाहिली आहेत, एखादी म्हातारी उभी असताना.

मी खाकरलो. घड्याळ बंद केलं. त्यावर जेवढा वेळ दिसला तेवढा वहीत उतरवला आणि त्याच्यापुढे चांगलं वळणदार अक्षर काढून लिहिलं : रिकामा वेळ.

एवढंच केलं मी. पण पुढे जे झालं ते या दोन शब्दांवरून झालं.

आमची राईस मिल तुमसरच्या वाटेवर आहे. मी तिथे सुपरवायझर. म्हणजे काट्यावर पोती मोजणं, ट्रकला गेटपास देणं आणि उरलेला वेळ कमरेवर हात ठेवून उभं राहणं. यातलं तिसरं काम मला सगळ्यात चांगलं जमतं. आमच्या मिलमध्ये उसना तांदूळ निघतो. धान आधी हौदात भिजवतात, मग त्याला वाफ देतात, मग सिमेंटच्या मोठ्या अंगणात उन्हात वाळवतात, आणि वाळला की मशीनमध्ये घालून तांदूळ काढतात. सोपं आहे. मला तरी इतकी वर्षं सोपंच वाटत होतं.

हिवाळ्यात सकाळी ते अंगण पाहण्यासारखं असतं. बाहेर धुकं, आत धानाची वाफ. कुठलं कुठे संपतं ते कळत नाही. भिजलेल्या धानाला एक आंबूस, गोडसर वास असतो. तो कपड्यांत शिरतो, केसांत शिरतो, डब्यातल्या भाजीतही शिरतो. त्या पांढऱ्या वाफेत आधी नुसते आवाज येतात, बांगड्यांचे, खोकल्याचे, कोणाच्या तरी सासूबद्दलचे. मग हळूहळू खोचलेल्या लुगड्यांचे रंग दिसायला लागतात. मग पाय. बारा बाया हात मागे बांधून, एकीमागे एक, वाफाळत्या धानातून अनवाणी चालत असतात. टाच घासत, पाऊल न उचलता. चालताना त्यांच्या पायांनी धान उलटत जातो आणि मागे नांगरल्यासारख्या ओळी उमटतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. उन्हाची तिरीप आली की त्या ओळींतून सोनेरी आणि ओल्या अशा दोन पट्ट्या दिसतात. मी कमरेवर हात ठेवून पाहत राहायचो आणि मला वाटायचं, या बाया धान वाळवत नाहीत, कुठल्या तरी गावाला चालल्या आहेत, आणि ते गाव रोज थोडं पुढे सरकतं.

त्या सगळ्या एकाच गावच्या. गावाला मोठा तलाव, घरचे पुरुष तलावात नाहीतर नदीवर मासे धरतात. एक ऑटो ठरवून त्या बाराही जणी त्यात कशा मावतात, हे मी अनेकदा उतरताना मोजूनही मला समजलेलं नाही. त्यांची पुढारी म्हणजे मावशी. सगळी मिल तिला मावशीच म्हणते. माझ्यापेक्षा वयानं थोडी मोठी, अंगानं काटकुळी, आणि टाचा अशा की उन्हाळ्यातली भेगाळलेली तलावाची कड. त्या टाचांना धानाचं सगळं कळतं. डोळे मिटून चालली तरी सांगते, इथला कोपरा अजून ओला आहे.

दुपारी, धान अर्धामुर्धा वाळला की, मावशी हात वर करायची. मग सगळ्या मिळून लाकडी दाताळ्यांनी तो ओढत ओढत आणायच्या, मोठाले ढीग लावायच्या, वरून पोती पांघरायच्या, आणि जाऊन सावलीत बसायच्या. याला त्या म्हणायच्या, धान झोपवला. झोपलेल्या धानाला ओलांडायचं नाही. त्याच्याजवळ मोठ्यानं बोलायचं नाही. एखादी खदखदून हसली की मावशी दटावायची, “हळू व, उठन तो.” मग मधूनच ती उठायची, पोतं सारून ढिगात कोपरापर्यंत हात घालायची, डोळे बारीक करून थांबायची, हात काढून तळवा गालाला लावायची. कधी म्हणायची, “अजून नाही.” कधी म्हणायची, “झाली याची झोप.” मग ढीग उघडायचे, पुन्हा पसरायचे, पुन्हा चालणं.

मला वाटायचं, ही या बायांनी आराम करायची शोधलेली युक्ती आहे. आणि युक्ती सुंदर आहे म्हणून मी कधी काही बोललो नाही. आराम करण्याच्या युक्त्यांबद्दल माझ्या मनात लहानपणापासून आदर आहे.

आता ताईचं सांगतो. ताई म्हणजे शेठची मुलगी. पुण्यात शिकली, तिथेच कारखान्यात काही वर्षं नोकरी केली, आणि शेठचे गुडघे गेल्यावर मिल पाहायला परत आली. माझ्या मुलीच्या वयाची, पण मीही तिला ताईच म्हणतो. कामाची, सरळ, आवाज न चढवणारी. आल्या आल्या तिनं मिलमधल्या प्रत्येक गोष्टीला ‘का’ विचारायला सुरुवात केली. आमच्या मिलमधल्या बऱ्याच गोष्टींना ‘का’ची सवय नव्हती. मलाही नव्हती.

एकदा तिनं मला केबिनमध्ये बोलावून मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी लांबच्या देशातली राईस मिल. चकचकीत उंच टाक्या, पाइप, आणि टोपी घातलेला एक माणूस.

“काका, ही मिल आपल्यापेक्षा फार मोठी नाही. धानही असाच. इथे धान वाळवायला किती माणसं दिसतात?”

“एक,” मी म्हणालो. “आणि तोही नुसता उभा आहे.”

“तो एकटा आपल्या बारा जणींपेक्षा जास्त धान वाळवतो.”

“जेवतही तसाच असेल.”

ती हसली, पण मुद्दा सोडला नाही. “तो मावशीपेक्षा जास्त राबतो का? नाही ना? कमीच राबतो. पण त्याच्या मागे मशीन उभी आहे. आपल्या मावशीच्या मागे काय उभं आहे?”

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. मावशीच्या मागे नेहमी मी उभा असायचो. हे उत्तर मी दिलं नाही.

“लोकांना वाटतं, गरीब देशातली माणसं काम करत नाहीत म्हणून देश गरीब,” ती म्हणाली. “उलट आहे, काका. आपली माणसं मरेस्तोवर काम करतात, आणि दिवसाच्या शेवटी एका माणसामागे थोडंच निघतं. त्या थोड्यातून मी त्यांची रोजी वाढवू तरी कुठून? म्हणून मला आधी कळायला पाहिजे, वेळ जातो कुठे.”

त्या संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना तिचं बोलणं डोक्यात घोळत होतं. उन्हं उतरली होती, बांधांवर गवत पिवळं दिसत होतं, आणि मला दिसायला लागलं की प्रत्येकाच्या मागे एकेक मशीन येऊन उभी राहिली आहे. धानाच्या रोपांची रोवणी करणाऱ्या बायांच्या मागे एक, तलावात जाळं टाकणाऱ्याच्या मागे एक, बाजारात भाजी तोलणाऱ्याच्या मागे एक, माझ्या बायकोच्या चुलीमागे एक. सगळ्यांची कामं दुपारपर्यंत उरकलेली. तुमसरपासून पवनीपर्यंत अख्खा जिल्हा जेवून झाडांखाली आडवा झालेला. वैनगंगा तेवढी वाहत होती, तिला सुट्टी नव्हती. मला ते चित्र फार आवडलं. त्यात इतका रमलो की घराची गल्ली मागे गेली आणि यू-टर्न मारून यावं लागलं.

तर वेळ जातो कुठे हे शोधायचं काम ताईनं माझ्यावर सोपवलं. एक पूर्ण दिवस अंगणात बसायचं, कोणतं काम किती वेळ चाललं ते मोबाईलवर मोजून वहीत लिहायचं. सकाळचं पसरणं, पहिलं फिरवणं, दुसरं फिरवणं, सगळं मी चोख लिहिलं. दुपारी ढीग लागले. मी घड्याळ पुन्हा सुरू केलं. थंडीचे दिवस, पाठीला धानाची ऊब, पायांवर हिवाळी ऊन, कानात बायांची कुजबुज. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

ताईनं वही वाचली आणि त्याच ओळीवर बोट ठेवून थांबली.

“काका, दुपारी इतका वेळ काम बंद असतं?”

खरं सांगून टाकायची ती वेळ होती. मी म्हणालो, “घड्याळानं तेवढंच दाखवलं, ताई.” यातला शब्द न् शब्द खरा होता. अशी खरी वाक्यं मी संसारातही पुष्कळ वापरली आहेत.

तिनं वहीचा कोपरा दुमडला, पुन्हा सरळ केला, पुन्हा दुमडला. मग म्हणाली, “चार दिवस सहा जणींवर करून पाहू. ढीग लावायचा नाही, उन्हात सारखं फिरवत राहायचं. तो वेळ वाचला तर सहा जणींत भागतंय. जमलं, तर पुढेही सहाच ठेवू.”

“आणि बाकीच्या सहा?”

“त्यांना द्यायला आत्ता माझ्याजवळ दुसरं काम नाही,” ती म्हणाली. हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. “तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं ऐकतात त्या.”

ऐकतात कसल्या. मी नळापाशी जाऊन सांगितलं, तर पाय धुता धुता मावशीनं मान वर केली.

“सहा म्हंजे कोन्त्या सहा, बाबूजी?”

“ते तुम्हीच ठरवा.”

“आमी कायले ठरवू? तुमच्या वहीनं ठरवलं ना? मंग वहीलेच पुसा.”

मागून एक तरणी बाई म्हणाली, “वहीले रिकामा वेळ दिसला म्हंते, मावशी. कोनाचा दिसला, तेही पुसा ना!” आणि तोंडाला पदर लावून अशी हसली की बाकीच्यांनाही आवरेना. सहा जणींचं काम जाणार असं आत्ताच ऐकलेल्या त्या बारा बाया नळापाशी हसत होत्या आणि मला माझे हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. कमरेवर तर नक्कीच नाही.

बाकीच्या ऑटोकडे गेल्या. मावशी मागे राहिली.

“बाबूजी, त्या दिवशी धानाची झोप कवाच झाली होती. म्या हात घालून पायलं ना.”

“मग ढीग उघडला का नाही?”

“कसा उघडनार? तुमी होते ना त्याच्यावर.”

मी नळ आणखी घट्ट बंद केला.

“बाकीचे ढीग उघडले असते, पन दाताळ्याचा आवाज होते. पोरी म्हने, उठवा. म्या म्हनलं, राहू द्या व, घरी झोप होत नसन बिचाऱ्याची.” ती हे टोमणा म्हणून बोलत नव्हती, हे त्यातलं सगळ्यात वाईट. “मंग ऊन फिरलं, तुमच्या तोंडावर आलं. तं दोन दाताळे उभे केले आन् वरतून पोतं बांधलं. वारा आला का पडे, म्हनून दोघी जनी धरून बसल्या, तुमी चुळबुळले तवा पळाल्या सावलीत.”

जाग आली तेव्हा डोक्यावर पोत्याची सावली होती खरी. मला वाटलं होतं, ते आधीपासूनच तिथे असेल.

म्हणजे वहीतला तो रिकामा वेळ माझा होता. आणि तो मी बारा जणींच्या नावावर लिहिला होता. त्यातही दोघी त्या वेळात माझ्यासाठी पोतं धरण्याचं काम करत होत्या आणि ते काम वहीत कुठेच नव्हतं.

घरी जेवताना बायकोनं विचारलं, “काय झालं? भाजी खारट झाली का?”

“नाही. मिलमधल्या सहा बाया कमी होऊन राहिल्या.”

“काहून?”

“हिशोबात बसत नाही म्हणे.”

“कोणाच्या?”

मी वरण वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोतून बाराही जणी उतरल्या. सहा आत आल्या, सहा गेटबाहेर मोहाच्या झाडाखाली जाऊन बसल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेरच्या आत आणि आतल्या बाहेर. रोजी मिळेल ती बारांत वाटून घ्यायची, असं ऑटोतच ठरलं होतं. कोणत्या सहा, हा प्रश्न त्यांनी उरूच दिला नाही. ताई केबिनच्या खिडकीतून हे पाहत होती. मीही पाहत होतो, गेटपासचं पुस्तक उलटं धरून.

अंगणात आता थांबणं नव्हतं. सहा जणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालत होत्या. आधी बारांच्या पायांनी उमटायच्या त्या ओळी आता विरळ झाल्या, मग वाकड्या. दुपारी ऊन खाऊन धान पायाखाली कडकड वाजायचा. मावशी आत असली की त्या आवाजानं तोंड वाकडं करायची. “ऐकून राहिले ना, बाबूजी? रडून राहिला तो,” एकदा म्हणाली. मला नुसतं कडकड ऐकू येत होतं. गेटबाहेर मोहाखाली सहा लुगडी सावलीबरोबर सरकत होती, सकाळी झाडाच्या या बाजूला, दुपारनंतर त्या बाजूला. मला भर उन्हात ते सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसायचं. घड्याळाचे मोठे काटे कोणीतरी धरून ठेवावेत आणि सेकंदाचा तेवढा पळत राहावा, तसे ते दिवस होते.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं. म्हणजे दुपारी मावशी गेटबाहेर बसली होती आणि आत येणाऱ्या ट्रकला तिनं उठून रस्ता दिला, तेव्हा ठरलं. ट्रकवाला तिला म्हणाला, “काय मावशी, आज सुट्टी?” ती म्हणाली, “हो जी. साहेब लोकाइनं देल्ली.” माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. मी तसाच वळलो आणि केबिनकडे निघालो.

अंगणापासून केबिन किती लांब आहे ते मला त्या दिवशी कळलं. वाटेत मी तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली. तिन्ही चांगली होती. दार दोनदा ठोठावलं.

ताई टेबलाशी बसली होती. समोर स्टीलचं ताट, ताटात तांदूळ. पहिल्या दिवशी वाळवलेला धान सकाळी मशीनमध्ये गेला होता, त्याचा हा तांदूळ. ती पेन्सिलीच्या टोकानं दाणे वेगळे करत होती. एका बाजूला अख्खे, एका बाजूला तुटलेले. तुटलेल्यांची बाजू मोठी होती. उसना तांदूळ कसा असतो, लांब, पिवळसर, हाताला काचेसारखा. इथे कणीच कणी.

“ताई,” मी म्हणालो. तिन्ही वाक्यं गेली होती. “वहीतला तो रिकामा वेळ माझा होता.”

“कुठला?” पेन्सिल चालू होती.

“ढिगावर झोपलो मी. धानाची झोप आधीच झाली होती, पण मी झोपलो म्हणून त्यांनी ढीग उघडला नाही. त्यांचं काम थांबलं नव्हतं, मी थांबवलं. चूक माझी आहे, त्यांना काढू नका.”

तिनं पेन्सिल ठेवली. मला वाटलं, आता माझा हिशोब होणार. पण तिच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. “म्हणजे ढीग रोज लावतात. आणि तो उघडायची एक वेळ असते?”

“असते.”

“किती?”

“ते मावशीच्या हाताला माहीत.”

ती उठली. अंगणाच्या कडेला तिनं बूट काढले, मोजे काढले आणि धानात उतरली. तळपाय भाजले असावेत, कारण पहिली चार पावलं ती बगळ्यासारखी टाकत गेली. गेटबाहेरच्या सगळ्यांना आत बोलावलं. ढीग लावायला सांगितला, पोती पांघरली, आणि मावशीशेजारी जमिनीवर बसून राहिली. थोड्या वेळानं मावशीनं ढिगात हात घातला, तसा तिनंही घातला. दोघींचे हात कोपरापर्यंत धानात.

“काय लागून राहिलं?” मावशीनं विचारलं.

“गरम आहे.”

“गरम कसं? तव्यावानी, का लेकराच्या कपाळावानी?”

ताई डोळे मिटून बसली. “लेकराच्या,” ती हळूच म्हणाली.

“मंग ताप हाय अजून. निजू द्या. आतलं पानी हळूहळू भाईर येते. आत्ताच पसरवलं तं दाना भाईरून वाळन, आतून तुटन. ताप उतरला का उठवाचा.”

“आणि तुम्ही हे मला आधी का नाही सांगितलं, मावशी?”

मावशी हसली. “तुमी बाबूजीले पुसलं ना. आमाले कोनी पुसलं?”

पोत्यांवरून वाफेची एक बारीक रेघ उठत होती, सरळ वर, वारा नसलेल्या दिवशीच्या धुरासारखी. तेरा बाया आणि मी, एका झोपलेल्या धानाभोवती बसलो होतो. शेठ वरच्या गॅलरीत येऊन खाली पाहत उभे राहिले, कोणी गेलं की काय अशा चेहऱ्यानं. मला आठवतं, त्या वेळात माझ्या मनात काहीही नव्हतं, गुन्हेगार असल्याचंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी ताईनं सांगितलं, या हंगामात बाराही जणी राहतील. गेलेल्या तीन दिवसांची बाहेर बसलेल्यांची रोजीही दिली. मला म्हणाली, “पण मशीन येणारच, काका. आज ना उद्या आणावीच लागेल. नाही आणली तर आपण इथेच राहू आणि त्याही इथेच राहतील, अशाच भाजलेल्या पायांनी.” मी म्हणालो, हो. आधी मावशीचं पटलं होतं, आता हिचं पटलं. मला सगळ्यांचं पटतं, म्हणूनच मी सुपरवायझर आहे.

मग ती गोष्ट माझ्या तोंडी बसली. आमच्या नात्यात कुठे चार माणसं जमली की मला गोष्ट सांगायला बसवतात आणि मी नाही म्हणत नाही. मागल्या महिन्यात पवनीला साळीच्या, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या, मुलीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. जेवणं झाली, मंडपात खुर्च्या गोल मांडल्या गेल्या, आणि मी धानाची झोप सांगितली. सांगून सांगून आता ती बरीच सुधारली आहे. माझ्या गोष्टीत मी दार ठोठावत नाही, ढकलतो. ती तीन वाक्यं विसरत नाही, तिन्ही म्हणतो. ताई उभी राहते. ताट मी जरा उशिरा आणतो, माझं बोलून झाल्यावर. पोतं धरून बसलेल्या बायांपाशी लोक हसतात, ढिगातल्या हातांपाशी गप्प होतात. मुलीचे वडील, म्हणजे माझे साळभाऊ, म्हणाले, “म्हणजे भाऊजी, तुमच्या एका बोलण्यानं बारा घरं वाचली म्हणा की!” मी म्हणालो, “आता आपण काय, जे खरं ते बोललो.” आणि सुपारी घेतली.

बायको पंगतीच्या पत्रावळी उचलता उचलता ऐकत होती; तिला ही गोष्ट मी त्याच रात्री, सुधारायच्या आधी, सांगितली होती. परतीच्या एसटीत आम्हाला जागा मिळाली, तिला खिडकीची. धान कापलेली रिकामी शेतं दोन्ही बाजूंनी मागे जात होती, मधूनच एखादा तलाव चमकत होता. मी छान मूडमध्ये होतो. बरंच अंतर गेल्यावर ती खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, “बारा घरं तुमच्या बोलण्यानं नाही वाचली. तांदूळ तुटला म्हणून वाचली. तुम्ही दार ठोकलं तवा ताईच्या समोर ताट होतंच.”

“मी कुठे नाही म्हणतो?” मी म्हणालो.

“आता मशीन येईन, तिच्यात तांदूळ तुटणार नाही,” ती म्हणाली. “तिच्या अगुदर ताईले जाऊन म्हणा का त्या मशीनवर पह्यले मावशीले बसवा, आन् बाकीच्याइले शिकवा. तवा टेबलावर ताट नसन. तवा बोलले, तं मी मानीन.”